सुतळीला बांधलेली पेन्सिल

मे महिन्यात गावाला गेले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी आठच्या आसपास दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि पाय आपोआप वाचनालयाच्या चौकाकडे वळले. वाचनालयाच्या भिंतीवर पूर्वी जिथे काळा फळा होता तिथे आता फ्लेक्स आहे. वर कुणाकुणाचे हात जोडलेले फोटो, मधे वाचनालयाच्या वेळा, खाली वर्गणीचे दर. आणि त्या खाली, उजव्या कोपऱ्यात, कुणीतरी काळ्या मार्करने काहीतरी लिहिलं होतं. मी काय केलं माहितीये? पर्समधला रुमाल काढला, बाटलीतलं पाणी ओतलं त्याच्यावर आणि पुसायला लागले. वाचायच्या आधी! म्हणजे "इथे आधी" एवढे दोन शब्द दिसले डोळ्यांना, बाकीचं वाचायच्या आत हात चालू झालेला. मार्कर कसला पुसला जातोय पाण्याने, पण कच्चाच होता बहुतेक, नुसता फरफटला. काळा ढग झाला एक, आणि त्या ढगाच्या डाव्या बाजूला "इथे आधी" तसंच. पुढे काय होतं ते आता कुणालाच वाचता येणार नाही, मलाही नाही. रुमाल काळा झाला तो वेगळाच.

इथे आधी काय? इथे आधी पाणी द्या? इथे आधी कोण मेलं? काय लिहिलं असेल?

पुण्याला परत येईपर्यंत, खरं तर आल्यावरही, हे डोक्यातून जाईना. पुसायचं कशासाठी होतं मला? माझी ना ती भिंत, ना तो फ्लेक्स, गाव सोडून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झालेली. मग लक्षात आलं की तो हात माझा नव्हताच, बाबांचा होता. रोज सकाळी ओला बोळा घेऊन वरून खाली, डावीकडून उजवीकडे, असा फळा पुसणारा हात मी लहानपणी इतक्या वेळा बघितलाय की कोपऱ्यात काही भलतं लिहिलेलं दिसलं की आपण पुसायचं असतं हे कुठेतरी आत बसून गेलंय.

बाबा शाळेत मास्तर. गावात सगळे गुरुजीच म्हणायचे, आईसुद्धा चारचौघांत "गुरुजी आलेत का बघ" म्हणायची. त्यांचं अक्षर म्हणजे, आता मी मुलगी म्हणून सांगतेय असं नाही, पण छापल्यासारखं. त्यामुळे वाचनालयाचा फळा लिहायचं काम त्यांच्याकडे कधी आलं आणि कायमचं कसं झालं हे त्यांनाही आठवत नव्हतं. सकाळी 6:55 ला रेडिओवर संस्कृत बातम्या लागायच्या तेव्हा त्यांची दाढी चाललेली असायची, 7:05 ला पुणे केंद्राच्या मराठी बातम्या सुरू झाल्या की ते पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मुद्दे टिपायचे, आणि शाळेत जाता जाता चौकात थांबून चार-पाच ओळी लिहायचे. देशाची एक, राज्याची एक, आणि मग गावच्या: अमक्याच्या घरी गाय व्याली आहे, चीक हवा असल्यास भेटावे. धरणाचं पाणी अमक्या तारखेला सुटणार. तमक्याचं निधन. दरवर्षी गणपतीच्या आधी फळा काळा करायचा कार्यक्रम असायचा, जुन्या सेलमधली काळी पूड आणि कसलासा पाला एकत्र वाटून. त्याचा वास मला अजून येतो, हिरवट आणि लोखंडी असा काहीतरी मिक्स, आणि बाबांच्या नखांत तो काळा रंग अनंत चतुर्दशीपर्यंत राहायचा.

लोक फळा वाचायचे उभ्याने, आणि बोलायचे समोर. समोर म्हणजे रस्त्यापलीकडे आप्पांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी, भज्यांची कढई आणि रॉकेलचा स्टोव्ह, पण आमच्याकडे त्याला हॉटेलच म्हणायचे. फळ्यापासून हॉटेलपर्यंत बारा-पंधरा पावलं. तेवढ्या पावलांत काय व्हायचं कोण जाणे, फळ्यासमोर गप्प उभा असलेला माणूस बाकड्यावर टेकला की सुटायचाच. धरणाच्या पाण्यावरून सरपंचाच्या सात पिढ्या निघायच्या, दिल्लीतल्या सरकारला सल्ले जायचे, गेलेल्या माणसाचे गुण आणि लगेच त्यानंतर उधाऱ्या. बाबांना हे सगळं ऐकायचं असायचं. पण गुरुजी हॉटेलात शिरले की सगळे पाय खाली घेऊन सावरून बसायचे, विडी मागे लपवायचे, विषय पावसावर यायचा. मग बाबा सुट्टीच्या दिवशी वाचनालयाच्या खिडकीत रजिस्टर उघडून बसायचे आणि रस्त्यापलीकडे बघत राहायचे. आवाज यायचा नाही, नुसते हातवारे दिसायचे. आई म्हणायची मुका सिनेमा बघतात.

बातमी आणायचा तो छोट्या. हॉटेलातला पोऱ्या, माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान असेल. वाचनालयात चहा घेऊन यायचा आणि ग्लास ठेवता ठेवता सांगायचा, "गुरुजी, ते पाण्याचं लिवलंय त्यावर लई गरम झाले समदे." एवढंच. बाबा विचारायचे कोण काय म्हणालं, तो खांदे उडवायचा.

आणि मग किल्लारी झालं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. ही वेळ आमच्या पिढीला पाठ आहे. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, गुलाल अजून रस्त्यावर, आणि बाबा रेडिओसमोर पेन्सिल हातात धरून नुसते बसलेले. त्या दिवशी फळ्यावर त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. लातूर-उस्मानाबादकडे भूकंप, गावंच्या गावं गेली, ज्याला जे जमेल ते वाचनालयात आणून द्यावं, बस. आणि कुणीतरी, खाली पडलेला खडू उचलून, त्याच्याखाली लिहिलं: ज्वारी 2 पायली. त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: घोंगडी 1. संध्याकाळपर्यंत फळा खालपर्यंत भरला. वेडीवाकडी अक्षरं, ऱ्हस्वदीर्घ सगळं चुकलेलं, एकाने तर नुसता अंगठा खडूच्या भुकटीत बुडवून उठवला होता आणि शेजारी कुणीतरी "चादर 1" असं लिहून दिलं होतं. बाबांनी चार दिवस तो फळा पुसला नाही. दुसऱ्याने लिहिलेलं त्यांनी फळ्यावर राहू दिलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

वहीची कल्पना तिथून आली. लोकांना लिहायचं असतं, आपण जागा देत नाही, हे बाबांनी तेव्हा मनावर घेतलं. स्वतः ते 15 पैशांच्या कार्डावर पेपरांना पत्रं पाठवायचे, पाचातलं एक छापून यायचं आणि तेही कापून. एकदा तर त्यांचं मुख्य म्हणणंच कापलं गेलं आणि उरलं ते नेमकं उलट्या अर्थाचं, दोन दिवस जेवले नव्हते नीट. त्यामुळे त्यांनी ठरवलं की आपण कापायचं नाही. 1994 च्या एप्रिलमधे आप्पांना विचारून हॉटेलच्या खांबाला खिळा मारला, त्याला सुतळीने शंभर पानी वही बांधली, वर लिहिलं "वाचकांचं म्हणणं". सोबत बॉलपेन. फळ्याच्या डाव्या बाजूला हातभर रुंद पट्टी आखून ठेवली, रोज संध्याकाळी वहीतलं तीन जणांचं म्हणणं त्या पट्टीत जसंच्या तसं उतरवायचं. रस्त्याच्या या बाजूचं त्या बाजूला आणि त्या बाजूचं या बाजूला. फार खूश होते. मला म्हणाले, बघ आता.

पहिल्या आठवड्यात तीन बॉलपेनं गेली. मग पेन्सिल आणली, तिला खाच पाडून ती पण सुतळीला बांधली. वही मात्र कोरी. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं होतं ना, मायना काय लिहावा तेच ठरेना म्हणून, वयाने लहान तर आशीर्वाद लिहायचा की ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार? आमच्या हॉटेलातल्या मंडळींची अगदी तीच अडचण असणार. गुरुजी वाचणार म्हटल्यावर काय लिहायचं? चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला निदान 65 ओव्या मिळाल्या, बाबा रोज संध्याकाळी कोरी वही उघडून बघायचे आणि पट्टीत "आज कोणाचे म्हणणे नाही" असं लिहून यायचे. ते वाचून समोर हसायचे लोक, छोट्यानेच सांगितलं.

मग लिहायला लागले, पण कसं? "मा. गुरुजी यांसी, स.न.वि.वि. विषय : नळास पाणी न येणेबाबत." खाली आपला विश्वासू. जो माणूस बाकड्यावर बसून सरपंचाला शेलक्या शिव्या घालतो, हातवारे असे की चहा सांडेल, तोच पेन्सिल हातात आली की तहसीलदाराला अर्ज केल्यासारखा वाकतो. मला वाटतं आपल्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज, हे फार खोल गेलंय. बोलणं आपलं असतं, लिहिणं सरकारचं. बाबा खट्टू झाले पण उतरवत राहिले, स.न.वि.वि. सकट. मे महिन्यात सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाली तेव्हा बाबांनी फळ्यावर अर्धी ओळ लिहिली, त्याच्यावर वहीत एकदम अकरा जणांनी लिहिलं. निम्म्यांचं म्हणणं वाचनालयाच्या फळ्यावर असलं लिहू नये, बाकीच्यांचं म्हणणं अर्धीच ओळ का. बाबांनी नियमाप्रमाणे तीन उतरवले. दुसऱ्या दिवशी उरलेले आठ जण रुसले. आणि सगळ्यात गंमत म्हणजे आता लोक फळ्याचा उजवा भाग सोडून आधी डावी पट्टी वाचायला लागले, धरणाचं पाणी कधी सुटणार ते राहिलं बाजूला.

हळूहळू टोपणनावं आली. एक जागरूक नागरिक. सत्यवादी. एक त्रस्त शेतकरी, ज्याला अर्धा गुंठा जमीन नाही हे पेन्सिलीच्या दाबावरून सगळ्यांना कळायचं. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, ते म्हणायचे गोपाळ हरी देशमुखांनी तेच केलं की. सरकारी नोकरीतला पंचविशीचा माणूस 1848 मधे भाऊ महाजनांच्या प्रभाकरात स्वतःच्या नावाने काय लिहिणार, म्हणून लोकहितवादी, आणि ती शतपत्रं आपण आजही वाचतो. मी तेव्हा मान डोलवायचे. आता वाटतं, हे उदाहरण आपण सगळेच जरा सोयीने वापरतो. लोकहितवादींनी नाव लपवून बोल लावला तो आपल्याच जातीला, आपल्याच वर्गाला. आमच्या सत्यवादीचा बोल कायम शेजाऱ्याला. दुसरं म्हणजे तेव्हा लिहिणं आणि उत्तर यांत वेळ जायचा. टिळक-आगरकरांचं बिनसलं, आगरकरांनी 1887 ला केसरी सोडला, पुढच्या वर्षी सुधारक काढला, आणि पुण्यातल्या पुण्यात एका पेपराने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, असं चाललं. दोन्ही साप्ताहिकं. म्हणजे राग आला तरी अंक निघेपर्यंत कळ काढायची. तेवढ्याने ते दोघं निवले असं काही नाही, पण जे लिहिलं ते टिकाऊ लिहिलं. हॉटेलातली वही मात्र खिळ्यालाच, हात लांब केला की झालं, भजी खाता खाता.

एक गोष्ट बाबांना कळत नव्हती, वही फार लवकर पातळ होत होती. शंभर पानीची दीड महिन्यात साठ-सत्तर पानी झाली. आप्पा भज्यांना कागद म्हणून फाडतात असा बाबांना संशय होता, पण विचारायचं कसं.

जूनमधे दहावीचा निकाल. मी त्या वर्षी दहावीला होते. केंद्रात पहिली आली ती माझ्या वर्गातली, माझ्याच बाकावरची, तिचं नाव नाही लिहीत. मी दुसरी, सहा मार्कांनी. बाबांनी फळ्यावर तिचं नाव लाल खडूने लिहिलं, त्याखाली पांढऱ्याने माझं. मुलीचं नाव पहिलं नाही म्हणून त्यांचं अक्षर एका रेघेनेही हललं नव्हतं, मी मुद्दाम बघितलं. घरी आई शिरा करत होती आणि मी माडीवर जाऊन त्या सहा मार्कांचा हिशोब करत बसले होते, भूमितीत कुठे, विज्ञानात कुठे. वेलदोड्याचा वास वरपर्यंत येत होता आणि मला तो नको होता.

दुसऱ्या दिवशी वहीत एक ओळ. "पेपर कोणी तपासले ते आधी विचारा." खाली नाव नाही, टोपणनावही नाही.

तिचे एक काका दुसऱ्या गावी मास्तर होते, एवढ्यावर. बाबांनी संध्याकाळी ती ओळ वाचली आणि पट्टीत उतरवली नाही. कापायचं नाही हा नियम पहिल्यांदा मोडला, आणि मोडून उपयोग शून्य, कारण वही तर दिवसभर तिथेच लोंबत होती. सगळ्यांनी वाचलेली. तिच्या वडिलांनी पण. ते आले, चहा सांगितला, वही हातात घेतली, पान शांतपणे फाडून घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, चहा पूर्ण प्यायले, पैसे दिले आणि गेले. कुणी एक शब्द बोललं नाही म्हणे. मी नव्हते तिथे, हे नंतर ऐकलेलं. बाबांनी त्याच रात्री वही सोडवून आणली आणि दुसऱ्या सकाळी डावी पट्टी पुसली, आखलेली रेघ पण. ती मुलगी त्यानंतर वाचनालयात आली नाही. पुढे साताऱ्याला कॉलेजात गेली, चांगलं झालं तिचं, पण रस्त्यात दिसली की आम्ही दोघी दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीकडे बघायचो.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ती ओळ मी लिहिली नव्हती. पण ती आहे हे मला सकाळीच कळलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं. दिवसभर बरं वाटत होतं. शिरा पण खाल्ला त्या दिवशी, शिळा, गरम करून. बाबांना दुपारीच सांगता आलं असतं की वहीत असं असं आहे, जाऊन काढून आणा, ते संध्याकाळशिवाय वही बघायचे नाहीत हे मला माहिती होतं. नाही सांगितलं. परवा तो ओला रुमाल हातात धरून मी जे काही करत होते ते बहुतेक एकतीस वर्षं उशिरा करत होते, आणि तेसुद्धा भलत्याच वाक्यावर.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. फळा त्यांच्यानंतर दोघातिघांनी चालवला, मग कुणी नाही, मग फ्लेक्स. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्याच्यात मीही आहे, सकाळी फुलं येतात.

जुलैमधे घराच्या कामासाठी परत जावं लागलं. पाऊस होता. एसटीतून उतरले ती थेट आप्पांच्या हॉटेलात, म्हणजे आता छोट्याच्या. आप्पा गेल्यावर त्यानेच चालवायला घेतलंय, गॅस आलाय, भिंतीला फरशी आहे, पण कढई तीच असावी. छोट्या आता पन्नाशीला टेकला, चष्मा लागलाय, तरी गावात छोट्याच. गल्ल्याच्या वर भजी, वडा, मिसळचे भाव लिहिलेला पांढरा बोर्ड, त्याच्या खिळ्याला सुतळीने बांधलेला काळा मार्कर. मी बाकड्यावर बसले. समोर फ्लेक्स पावसात निथळत होता, कोपऱ्यातला काळा डाग तसाच. त्याने विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. गरम भजी आली, कागदावरच, आणि त्या कागदावरून विषय निघाला. मी हसत म्हटलं, आप्पा आमच्या बाबांच्या वहीची पानं फाडायचे भज्यांना, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे.

"आप्पा न्हाई ओ ताई," तो म्हणाला. "मी फाडायचो."

मला वाटलं भज्यांनाच. तो फडक्याने टेबल पुसत राहिला, एकाच जागी. मग म्हणाला, गुरुजी संध्याकाळी यायचे, त्याच्या आधी मी वाचायचो समदं. तुमच्या बाबांनीच शिकवलेलं वाचायला, चौथीपर्यंत. कुणाच्या बायकोबद्दल असायचं, कुणाच्या जातीवरनं असायचं, एकदा गुरुजींच्यावरच होतं. ते गुरुजींनी फळ्यावर उतरवलं असतं, जसंच्या तसं, तुम्हाला माहितीये ते कसे होते. मग काय, स्टोव्ह पेटवायला कागद लागायचाच.

"मग ते दहावीचं?" मी विचारलं. आवाज जरा चिरकाच निघाला माझा.

त्याने फडकं झटकलं. बाहेर एक एसटी चिखल उडवत गेली, तो ती जाईपर्यंत थांबला.

"त्या दिवशी आईला घिऊन साताऱ्याला दवाखान्यात गेलतो," तो म्हणाला. "आलो तर वहीच न्हवती."